जमिनीखालचं कुंपण

ज्याला हे खोटं वाटेल, त्याने पळस्प्याला आमच्या घरी यावं आणि अवधूतची मान बघावी. अवधूत म्हणजे माझा नवरा. चहा पाजेन, मान दाखवेन. मग बोला काय ते.

आणि रात्रबित्र काही नव्हती हो. अमावस्याही नव्हती. १९९६ चा मे महिना, रविवार, भर दुपार.

पनवेलमधला ब्लॉक विकून आम्ही गोवा हायवेजवळ छोटा बंगला बांधला होता. राहायला आम्ही दोघं आणि जग्गू. जग्गू आमचा कुत्रा. मूलबाळ नाही, त्यामुळे काय ते लाड त्याचेच. पण महाखट्याळ! जरा नजर हटली की हायवेवर ट्रकच्या मागे. एकदा टायर त्याच्या शेपटीला घासून गेला.

कुंपण घालायलाच हवं होतं.

मी म्हटलं, "लोखंडी जाळी लावू. डोक्याएवढी उंच. विषय संपला."

तर शेजारच्या शेतातल्या भीमाबाई आल्या. म्हणाल्या, "बाय, जाली लाव नाय तं भित बांध. पन राखनदाराची वाट सोर."

राखणदार म्हणजे त्या शिवाराचा रखवालदार. दिसत नाही. भर दुपारी आणि तिन्हीसांजेला हद्दीवरून फिरतो म्हणतात. तिथल्या प्रत्येक कुंपणात त्याच्यासाठी माणूस जाईल एवढी फट सोडतात. आमच्या आवारातून ती वाट तिरपी जात होती.

"अहो, माणूस जाईल तिथून कुत्रा जाणार नाही का?" मी वैतागलेच.

मग अवधूतने डोकं चालवलं. त्याचा भाऊ स्वानंद अमेरिकेहून येणार होता. त्याला सांगून त्याने तिकडचं कुंपण मागवलं. न दिसणारं! तार आवाराभोवती जमिनीत पुरायची. तिला करंट देणारा डबा भिंतीवर. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा, त्याला आतून दोन बोथट खिळे. कुत्रा तारेजवळ गेला की पट्टा आधी वाजतो. तरी पुढे गेला, तर मानेला झटका.

"शॉक देणार त्याला? लाज वाटते का?"

"ट्रकखाली जाण्यापेक्षा बरा ना? आणि वाटही मोकळी. साप मेला आणि काठीही मोडली नाही!"

मी हो म्हटलं. तिथेच चुकलं.

तार पुरली त्या दिवशी भीमाबाई बांधावरून बघत होत्या.

"वाटंखालनं पन घातली काय?"

"वरून मोकळीच आहे की," अवधूत हसला.

भीमाबाई हसल्या नाहीत.

"वरनं मोकली, खालनं बांधली. त्याला काय तुमच्यासारका वरचाच दिसतं काय?"

आठवडाभर सगळं छान चाललं. जग्गू शहाण्यासारखा आत राहायचा. अवधूतची कॉलर ताठ.

मग तो रविवार आला.

जेवणं झाली होती. लाईट गेलेली. उकाड्याने जीव नकोसा झाला होता. जग्गू आवाराच्या मधोमध चिकूखाली पडला होता.

एकदम जाणवलं... कावळे गप्प झालेत.

हायवेचा आवाजसुद्धा येत नव्हता.

आणि मग... टी... टी... टी...

पट्टा वाजत होता. जग्गू तारेपासून कितीतरी लांब होता.

"अवधूत, डबा बंद कर!"

"अगं, लाईटच नाही! बंदच आहे तो!"

जग्गू उठला. कान पाडून मागे सरकला. टी... टी... उजवीकडे वळला. टी... टी... आणि असा किंचाळला की माझ्या हातातलं पातेलं पडलं.

त्याला झटका बसला होता.

तो डावीकडे पळाला. झटका. घराकडे आला. झटका. जिकडे जाईल तिकडे. त्याच्याभोवती कोणीतरी फिरत होतं आणि दर फेरीला जवळ येत होतं. शेवटी त्याला वळायलाही जागा उरली नाही. तोंडाला फेस. स्वतःचाच पाय त्याने चावून रक्तबंबाळ केला.

मी धावले. पट्ट्याला हात घातला तर त्याने माझं मनगट फोडलं. माझा जग्गू! पोळीचा तुकडासुद्धा हातातून अलगद घेणारा! मी नाही सोडलं. अवधूतने त्याची मान दाबून धरली, मी दात आवळून बक्कल उघडलं. पट्ट्यासोबत कातडी निघून आली.

जग्गू सुटला तो त्या वाटेवरून थेट बाहेर. हायवेच्या दिशेने.

"जग्गू! थांब!" अवधूत मागे धावला.

पुरलेल्या तारेपाशी पोचला... आणि भिंतीवर आपटावा तसा मागे फेकला गेला.

पट्टा माझ्या हातात होता. टी... टी... वाजत होता.

अवधूत दोन्ही हातांनी मान धरून तडफडत होता. डोळे पांढरे. बोटांतून रक्त. जळलेल्या मांसाचा वास. मी त्याला ओढायला गेले, तर तो आणखी जोरात ओरडला.

"बाय, तार काड! वाटंवरची तार काड!" बांधावरून भीमाबाई ओरडत होत्या.

मी हातांनीच माती उकरली. नखं उचकटली. तार सापडली. मनगटातून रक्त गळत होतं, हात निसटत होते. पाय रोवून मी ती उपसली, अगदी वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

पट्टा गप्प झाला.

आणि मग... माझ्या अगदी जवळून काहीतरी गेलं. भर उन्हात अंगाला गार लागलं. वाटेवरचं वाळकं गवत पावलामागून पाऊल पडावं तसं दबत गेलं.

कावळे पुन्हा ओरडायला लागले.

अवधूत वाचला. पनवेलच्या डॉक्टरांनी विचारलं, "करंट कुठला लागला?" काय सांगणार? मानेवर पट्ट्याच्या दोन खिळ्यांएवढी दोन भोकं पडली होती. त्याने तर पट्टा घातलाच नव्हता.

जग्गू भीमाबाईंच्या पडवीत सापडला. त्या दिवसापासून त्याने आमच्या आवारात पाय ठेवला नाही. मरेपर्यंत तिथेच राहिला. मी रोज भाकरी घेऊन जायचे, तो माझं मनगट चाटायचा.

नंतर आम्ही दगडी कुंपण घातलं. वाट सोडली.

घर सोडा, सगळे सांगतात. मीच सांगून थकले. अवधूत नाही म्हणतो. का, ते सांगत नाही. इतकंच की, दुपारी कुठे बाहेर जायचं असलं की तो फाटकाशी थबकतो. माझा हात घट्ट धरतो. एवढा मोठा माणूस, केस पिकले आता... लहान पोरासारखा विचारतो, "नीता, तो गेला का पुढे?"

मी त्या मोकळ्या वाटेकडे बघते आणि म्हणते, "गेला. चल."

मला काहीच दिसत नसतं हो.

मी दर वेळी अंदाजाने सांगते.