शेवटची सोळा पानं

मी एक मजला जास्त चढले, त्याचा दोष उन्हाला. दुपारचे दोन वाजले होते, रस्त्यावरून आत आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली होती आणि छापखाना कितव्या मजल्यावर आहे, हे प्रकाशकांनी सांगितलेलं मी नेहमीप्रमाणे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या दाराशी धापा टाकत उभी राहिले, तर आतून एक पुरुषी आवाज आला —

“‘नकाशात समुद्र निळा असतो,’ ती म्हणाली, ‘कारण रंगवणाऱ्याला घाई असते.’”

मी दाराची चौकट धरली. ते वाक्य माझं होतं. गेल्या हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, आई तिसऱ्यांदा “जेवायला ऊठ” म्हणाली तेव्हा लिहिलेलं. आणि माझी कादंबरी अजून पुस्तकसुद्धा झाली नव्हती!

आत एक लांबलचक टेबल होतं. दोन्ही बाजूंना मिळून आठ बायका बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे छापलेल्या मोठ्या कागदांची थप्पी. कागद ओढायचा, दुमडायचा, हाडाच्या पट्टीने घडी दाबायची, पुन्हा दुमडायचा... हात असे चालले होते की डोळ्यांची गरजच नसावी. पंखे बंद, कारण पंखा लावला की कागद उडतात. आणि टेबलाच्या टोकाला उंच स्टुलावर बसून तो वाचत होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांना वाळलेली खळ.

“कोण पाहिजे?” मान वर न करता त्याने विचारलं.

“छापखाना.”

“खालच्या मजल्यावर. पण आधी पाणी प्या. आणि थांबणार असाल तर बसा, हा प्रसंग संपल्याशिवाय या मला उठू देत नाहीत.”

मी पाणी प्यायले आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसले. दोन मिनिटांनी आठही बायका एकदम हसल्या. नेमक्या त्याच जागी, जिथे लिहिताना मी एकटीच हसले होते. माझ्या अंगावर काटा आला. खरंच सांगते, इतक्या उकाड्यात.

“कसं वाटलं?” कागद खाली ठेवून त्याने मला विचारलं.

“बरंय,” मी विनयाने म्हणाले.

“बरंय?” तो दुखावलाच. “तुमचं वाचन बेताचं दिसतंय.”

“असेल. लिहिण्यात वेळ जातो ना. हे मीच लिहिलंय.”

तो स्टुलावरून उतरला. नक्की का उतरला, ते त्यालाही कळलं नसावं. टेबलाशी बसलेल्या, सगळ्यांत वयस्कर मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “ही? एवढीशी?”

अशी आमची ओळख झाली.

हा बाइंडिंगचा कारखाना त्याच्या वडिलांनी काढलेला. उन्हाळ्यातल्या दुपारी घडी घालताना बायकांना पेंग येऊ नये, म्हणून वडील मोठ्याने वाचायचे. त्यांच्यामागे हा वाचू लागला. म्हणून बायका त्याला मास्तर म्हणायच्या. खालच्या छापखान्यातून जो कागद येईल तो वाचायचा. अशा एका मोठ्या छापील कागदाला ते फॉर्म म्हणतात. एका फॉर्मची घडी घातली की पुस्तकाची सोळा पानं होतात.

“आणि आमचा एक नियम आहे,” त्याने बजावलं. “ज्या दिवशी घडी, त्या दिवशीच वाचन. पुढचं कुणी आधी बघायचं नाही. मीसुद्धा नाही.”

“फॉर्म मागेपुढे आले तर?”

“एका रहस्यकथेचे आले होते. खुनी आधी पकडला गेला, खून त्याने दुसऱ्या दिवशी केला. मावशी म्हणाल्या, असं पाहिजे, पोलीस कधी नव्हे ते वेळेवर आले.”

मी इतकी हसले की खाली प्रकाशक वाट बघताहेत, हे पुन्हा विसरले.

त्या उन्हाळ्याइतकी श्रीमंती मी आयुष्यात भोगली नाही. सकाळी वाचनालयाच्या गार दगडी व्हरांड्यात मी आणि एक म्हातारे कथाकार बसायचो. बोलताना दर चार शब्दांनी थांबायची त्यांना सवय होती, म्हणून सगळे त्यांना स्वल्पविराम म्हणायचे, आणि ते त्या नावाला ओ द्यायचे. एकमेकांची पानं वाचायची, एकमेकांची विशेषणं निर्दयपणे कापायची, मग कलिंगडाच्या फोडी खायच्या आणि बिया कुंडीत टाकायच्या. दुपारी मी बाइंडिंगवर. प्रुफं तपासायला जाते, असं आईला सांगायचे. आई जन्मभर एका कचेरीत टायपिस्ट होती, माझी सगळी हस्तलिखितं तीच टाईप करते. ती फक्त म्हणायची, “प्रुफं तपासायला नवी ओढणी लागते होय?”

कादंबरी होती नकाशे काढणाऱ्या एका मुलीची आणि तिच्यावर जीव टाकणाऱ्या एका होडीवाल्याची. पाचव्या फॉर्मच्या दिवशी मावशींनी घडी घालता घालता मला झापलं.

“बाई, तो होडीवाला कधी जेवणार?”

“म्हणजे?”

“तिसऱ्या फॉर्मपासून वल्ही मारतोय. वादळ झालं, भांडण झालं, चांदणं झालं. पोटात कण नाही लेकराच्या.”

मी तोंडात बोट घातलं. चार जणांनी हस्तलिखित वाचलं होतं, एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. सातवा फॉर्म अजून छापायचा होता. त्यात मी एक ओळ घुसवली — भाकरी नाही, मेजवानी नाही, नुसती उकडलेली अंडी आणि मीठ. ज्या दिवशी मास्तरने ती वाचली, त्या दिवशी मावशींचे हात क्षणभर थांबले. “जेवला,” त्या शेजारणीला म्हणाल्या. जसं काही तो बाहेर ओट्यावर बसूनच जेवला होता. माझे डोळे भरून आले. मी टेबलाशी बसून मनाने घडवलेला माणूस, आणि त्याच्या पोटाची काळजी अशा बाईला, जिला मी महिन्यापूर्वी ओळखतही नव्हते. लिहिणं म्हणजे हे असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

“ती ओळ आधी नव्हती ना?” मास्तरने हळूच विचारलं.

“कशावरून?”

“तुमची वाक्यं चालतात, ते धावतंय. घाईने उठून कुणाला वाढायला गेल्यासारखं.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. माझ्या वाक्यांची चाल ओळखणारा माणूस... आणि तोही इतक्या सहज, खळीचा डबा ढवळत. त्या दिवशी मी घरी कशी पोचले, ते मला आठवत नाही.

मग मी घडी घालायला शिकले. म्हणजे त्याने शिकवली आणि मी मुद्दाम हळूहळू शिकले.

“पट्टी अशी नाही. तिरकी धरा.”

“अशी?”

“अशी नाही हो... अशी.” त्याचा हात माझ्या हातावर आला, आणि लगेच — चटका बसल्यासारखा — मागे गेला.

“बाकीच्यांनाही असंच शिकवता?”

“बाकीच्यांनी मला शिकवलंय,” तो कानापर्यंत लाल होत म्हणाला. टेबलापलीकडे मावशींना अचानक खोकला आला.

बारा फॉर्म झाले आणि माझं घोडं अडलं. तेरावा, शेवटचा फॉर्म मी देतच नव्हते. शेवट दोन लिहिले होते. एकात मुलगी होडीवाल्यापाशी राहते. दुसऱ्यात ती किनारे मोजणाऱ्या जहाजावर चढून नव्या बेटांकडे निघून जाते. प्रकाशक रोज फोन करत होते. बायका रोज विचारत होत्या. मला स्वतःला दर तासाला वेगळा शेवट बरोबर वाटत होता.

अशाच एका दुपारी बायका हातपाय धुवायला गेल्या होत्या. तो कागदाच्या कडा ठोकून सारख्या करत होता. सारख्या झालेल्याच पुन्हा करत होता.

“पुस्तक बांधून झालं... की तुम्ही येणार नाही.”

“काम नसताना कशाला येऊ?”

“काम नसतानाही... येतात माणसं.”

“कशाला?”

“राहायला,” तो म्हणाला.

त्याने मान वर केली. सरळ बघितलं. मस्करी नव्हती, वाचलेलं वाक्य नव्हतं. आणि नेमकं त्याच वेळी माझ्या डोक्यात ते मेलं जहाज शिट्टी देत होतं. इतकी मोठी गोष्ट अशी अर्ध्या डोक्याने कशी घ्यायची?

“शेवटचा फॉर्म येऊ दे,” मी कशीबशी म्हणाले. “मग सांगते.”

त्याने मान डोलावली. मला वाटलं, समजला.

दुसऱ्या सकाळी मी दोन्ही शेवट स्वल्पविरामांना दिले. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही वाचले. “हा राहण्याचा शेवट... तू अलीकडे लिहिलास?”

“हो.”

“तू सुखात आहेस... दिसतंयच.” ते थांबले. कावळा ओरडून गेला तरी थांबलेलेच. “पण तुझं सुख, पोरी... त्या मुलीच्या गळ्यात बांधू नकोस. तिला... जाऊ दे.”

ऐकताक्षणी मला कळलं, हेच खरं. पहिल्या पानापासून ती मुलगी क्षितिजाकडे बघत होती. थांबायला मला हवं होतं, तिला नव्हे. मी घरी आले, शेवटची सोळा पानं स्वच्छ लिहून आईपुढे ठेवली. आईने टाईप करताना दोनदा नाक पुसलं आणि म्हणाली, “वाईट आहेस. पण बरोबर आहेस.”

चार दिवसांनी फॉर्म छापून वर आला. मी बायकांमध्ये जाऊन बसले, हातात पट्टी घेऊन. मास्तरने कागद उचलला. नियमाप्रमाणे त्याने आधी एक अक्षर वाचलं नव्हतं.

तो सुरुवात करताना आनंदात होता, आवाजात कळत होतं. मग जहाज धक्क्याला लागलं. मुलीने नकाशांची गुंडाळी उचलली. त्याचा आवाज उतरत गेला. होडीवाल्याने विचारलं, ‘परत येशील?’ मास्तर उजेडाकडे वळला, पुढे वाचू लागला. दोन बायका रडत होत्या. मी डोळे मिटून घेतले होते. लाज वाटते सांगायला, पण मला वाटत होतं — बघा, काय ताकद आहे माझ्या लेखणीत!

“‘ती मागे वळली नाही,’” त्याने शेवटची ओळ वाचली. कागद टेबलावर अलगद ठेवला. आणि माझ्याकडे न बघता, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कटिंगचं मशीन सुरू केलं. खरं तर त्या दिवशी कापायला काही नव्हतं.

मी टाळ्यांची नाही तरी एखाद्या शब्दाची वाट बघत होते. मावशींनी तो शब्द दिला.

“बाई, नाही म्हणायचं होतं तर तोंडाने म्हणायचं. त्यासाठी सोळा पानं कशाला छापायची?”

“कोणाला नाही?”

“त्याने विचारलं, तुम्ही म्हणालात शेवटच्या फॉर्मला सांगते. मोरीपर्यंत ऐकू आलं आम्हाला. तेव्हापासून झोपला नाही तो. आम्हीही नाही.”

मी उठले. मशीनच्या आवाजात त्याला हाक मारली, ऐकू गेली नाही, पुन्हा मारली. शेवटी भिंतीवरचं बटण बंद केलं. त्या बटणाला मालकाखेरीज कुणी हात लावत नाही. पातं अर्ध्यात थांबलं आणि सगळा मजला एकदम गप्प झाला.

“ती गेली,” मी म्हणाले. “ती जाणारच होती. तिला बेटं बघायचीत.”

“हं,” तो मशीनकडे बघत म्हणाला. “चांगला शेवट आहे. खरा आहे.”

“तिचा आहे. मी कुठे चाललेय?”

त्याने वळून बघितलं.

“मी म्हणाले होते, शेवटचा फॉर्म येऊ दे, म्हणजे काम हातावेगळं होऊ दे. उत्तर छापून देईन, असं कधी म्हणाले?” मागे आठ बायका घड्या सोडून ऐकत होत्या, पण आता कसली भीड. “अहो, होडीवाला मी केलाय. त्याला कधी उपाशी ठेवायचं, कधी रडवायचं, माझ्या हातात होतं. तुम्हाला मी केलेलं नाही. तुम्ही आधीच होतात — माझ्याशिवाय, या मजल्यावर, माझं वाक्य मोठ्याने वाचत. मी जिना चढून आले आणि तुम्ही होतात! मला अजून त्याचंच नवल वाटतं. रोज वाटतं. असा माणूस मला कल्पनेत सुचलाच नसता...”

दोनशे आठ पानं लिहिली होती, आणि आता एक वाक्य जमत नव्हतं.

“मग?” त्याने अगदी हळू विचारलं.

“मग काय... येते. राहायला.”

खळ लागलेले हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून मीच ते धरले.

“हे,” तो म्हणाला, “मी कुणाला वाचून दाखवणार नाही.”

“गरज नाही,” टेबलाकडून मावशी म्हणाल्या. “आम्ही ऐकलं सगळं.”

आठही बायका हसल्या. तो हसला नाही. तो नुसता माझ्याकडे बघत होता, आणि कुणी कुणाकडे असं बघू शकतं, हे इतकी वर्षं लिहूनही मला माहीत नव्हतं.