स्वानंदच्या खुर्चीवर

शिरवण्यातल्या गच्चीवर जेवणं आटोपली होती. नामदेवकाकांनी सुपारी तोंडात टाकली आणि पोरांकडे न बघताच सुरुवात केली. "आयकलेली नाय, घडलेली हाय. माझ्या मेव्हण्याचा पोर, धनेश. त्याच्याच बाबतीत."

मागच्या आखाडातली गोष्ट. गटारीची रात्र, रविवार. सगळा गाव मटणावर तुटून पडलेला आणि धनेश भोईर डबा घेऊन रबाळ्याच्या कंपनीत निघाला होता. काम तसं साधंच. तिथल्या एका मोठ्या सर्व्हरवर बऱ्याच इस्पितळांचे रिपोर्ट चालायचे. त्याच्या सिस्टिमची पार्टिशनं, म्हणजे कप्पे, एकाच डिस्कवर होती. ती व्हॉल्यूम मॅनेजर नावाच्या, डिस्क सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती सोपवून दोन डिस्कवर जोडीनं ठेवायची, म्हणजे एक मेली तरी दुसरीवर मशीन उठतं. मेख एवढीच, की मशीन चालू होताना व्हॉल्यूम मॅनेजर आधी जागा व्हायला हवा. नाहीतर मशीनला स्वतःचंच घर सापडत नाही.

हे काम खरं तर स्वानंद दातारचं. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले, पण बढती स्वानंदला मिळाली, कौतुक स्वानंदचं झालं. होळीच्या सुमारास ठाणे-बेलापूर रस्त्यावर बाइक घसरून स्वानंद गेला आणि त्याची खुर्ची धनेशला मिळाली. नुसती खुर्चीच. वरच्या साहेब सुमेधामॅडमच्या तोंडी नाव तेच. "स्वानंद असता तर..." जिवंत माणसाशी टक्कर घेता येते. मेलेला कधी चुकतच नाही.

धनेश जळत होता. मसणात गेलेल्या माणसावर जळत होता.

त्या रात्री मॅडमचा फोन आला. "धनेश, मशीन चालू होतानाची सेटिंग स्वानंदनं करून ठेवलीय. तीच वापर. स्वतःचं डोकं नको लावूस."

"हो मॅडम."

फोन ठेवला आणि त्यानं ती सेटिंग पुसून टाकली. कायमची. मग स्वतःची लिहिली, तपासली आणि मशीन रीस्टार्ट केलं.

पडदा काळा झाला. ओळी पळाल्या. थांबल्या. सिस्टिमची डिस्क सापडत नव्हती.

त्यानं पुन्हा केलं. पुन्हा तेच. एसीच्या गारठ्यातही बनियन भिजलं. उजाडलं की इस्पितळं रिपोर्ट मागणार.

"आता काय करू..." तो पुटपुटला.

पडद्यावर एक अक्षर उमटलं.

धनेशचे हात मांडीवर होते.

दुसरं अक्षर. तिसरं... त्यानं पुसलेली सेटिंगच परत लिहिली जात होती. ओळ संपली की जरा थांबायचं. टाइप करताना स्वानंद असाच थांबायचा.

धनेशनं कीबोर्डची वायर उपटली.

अक्षरं उमटतच राहिली.

भीती वाटली. वाटणारच. पण तिच्याही वर आली ती जुनी आग. "हेपण तूच करणार?" तो ओरडला. "मेलास तरी तूच? ऊठ! माझी खुर्ची आहे ही!"

अक्षरं थांबली.

...

त्याच्या खालची खुर्ची कुरकुरली. किंचित वर आली. दुसऱ्या कुणाचं वजन उतरावं तशी.

आणि मशीन सुरू झालं. दोन्ही डिस्क जागेवर. सगळं बरोबर.

सकाळी मॅडम आल्या. "शाब्बास, धनेश! स्वानंदलाही इतकं नीट जमलं नसतं."

ज्या वाक्यासाठी तो इतके महिने तडफडला होता, ते कानावर पडलं तेव्हा त्याला मान वर करता आली नाही. मी केलं नाही, हेही बोलवेना.

घरी निघताना त्यानं दारावरच्या हजेरीच्या मशीनवर बोट टेकवलं. टेकवलं की आपलं नाव दिसतं.

दिसलं... स्वानंद दातार.

ते नाव होळीनंतर लगेच काढून टाकलेलं. कंपनीनं धनेशचा ठसा पुन्हा घेतला. मशीनही बदललं. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यानं नोकरीच सोडली.

काकांनी तोंडातली सुपारी गालात सरकवली. खाली रस्त्यावर एक कुत्रं भुंकून थांबलं.

"मंग ऐरोलीत दुसरीकडं लागला," ते हळूच म्हणाले. "नवीन कंपनी, नवीन मशीन. पयल्या दिवशी बोट टेकवलं. तेच नाव... आनि तिथं त्या नावाचा मानूस कधी नव्हताच."