पोटाकडच्या थांबलेल्या पेशी

"मेलीत. फेकतो," असं म्हणून नेमाजीने काचेची बशी उचलली.

शर्वाणीने झटकन ती धरली. नेमाजी हा प्रयोगशाळेतला तपासनीस यंत्रमानव, आणि हट्टात कुणाला हार जाणारा नव्हे! बशीत होती शर्वाणीने केळ्यांवर वाढवलेल्या फळमाश्यांची अंडी. संध्याकाळच्या यानाने ती चांद्रतळावर जायची होती. नेमाजीने नापास केलं की सगळंच ओम्फस्!

"मेलीत कशावरून?" तिने बशी धरून ठेवली.

"भ्रूणातली (अंड्यात घडणाऱ्या जिवातली) केंद्रकं आधी भराभर दुप्पट होत होती. मग त्यांच्याभोवती पेशी तयार झाल्या. आता पोटाकडच्या पेशी ढिम्म. विभाजन बंद, म्हणजे जीव बंद."

शर्वाणीची सुमेधाआत्या इथलीच शास्त्रज्ञ. ती हसत जवळ आली. "शर्वाणी, करंजी मुडपताना आपण पारी पुन्हा लाटायला घेतो का गं?"

"छे! सगळा विचका होईल."

"तसंच हे. या पेशी आता आत दुमडणार आहेत. पुढे त्यांचेच स्नायू होतील. विभागताना पेशी गोल फुगते, मग घडी कशी पडणार?"

"पण त्यांना थांबायला सांगतं कोण?"

"नियंत्रक प्रथिनं (कुठलं जनुक कधी चालू करायचं ते ठरवणारी). जनुकं सगळ्या पेशींत सारखीच असतात गं, पण ही प्रथिनं पोटाच्याच बाजूला असतात. ती एक जनुक चालू करतात. त्यातून दुसरं प्रथिन बनतं आणि ते विभाजनाला ब्रेक लावतं. ब्रेक नसलेले भ्रूण मी पाहिलेत. पेशी घाई करतात आणि घडी बिघडते."

शर्वाणीने नेमाजीचा हात खाली केला. "घडी पडेपर्यंत थांबायचं."

"नियमात बसत नाही. मेलेली निघाली तर चंद्रावर जाणारी अख्खी पेटी रद्द होईल. जबाबदारी कोणाची?"

शर्वाणी पुढे झाली. "माझी."

तिघं सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याकडे बघत राहिली. भ्रूणाच्या पोटावर एक बारीक पन्हळ उमटली, खोल होत गेली, आणि थांबलेल्या पेशी आत उतरल्या. घडी मिटली. मग आतली एकेक पेशी दोन होऊ लागली. शर्वाणीला इतका आनंद झाला की तिने नेमाजीलाच मिठी मारली.

"नियम सुधारला," असं पुटपुटत नेमाजीने बशी पेटीत ठेवली.

"आत्या, यांतून निघालेल्या माश्या चंद्रावर अंडी घालतील ना? तिथे वजन इतकं कमी. तिथेही पोट असंच दुमडेल?"

"कुणालाच ठाऊक नाही."

"मग तिथून येणारी चित्रं बघून सगळ्यांत आधी मीच सांगणार!" शर्वाणी म्हणाली आणि तिने पेटीचं झाकण लावलं.