अकराशे तेरावा फेरा

हेडफोनच्या दोन वाट्या सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. एका वाटीतून जो करंट जातो तोच, तेवढाच, दुसऱ्या वाटीतून जातो. तिथे वशिला चालत नाही. वर्ध्याच्या एका हायस्कुलात पंधरा वर्षं मी मॅट्रिकच्या पोरांना हे शिकवत आलो. तरी एकाच हेडफोनच्या दोन वाट्या दोघांनी कानाला लावल्यावर अच्युतला जे ऐकू आलं ते मला आलं नाही, हे सांगताना मला अजून लाज वाटते. लाजेपेक्षा राग जास्त येतो, खोटं कशाला बोलू.

अच्युत म्हणजे माझा बालमित्र. स्टेशनवर तारबाबू, लग्न केलेलं नाही. दर रविवारी जेवण करून माझ्याकडे यायचा, कारण रेडिओ आणि अॅम्प्लिफायर माझ्याकडे. अॅम्प्लिफायर मी स्वतः बांधलेला. एकेक व्हॉल्व्ह वर्षभर जमवलेला, एकेक सांधा या हातांनी डाग दिलेला. छप्पन सालच्या दिवाळीत अच्युतने नागपूरच्या जुन्या बाजारातून लढाईनंतर लष्कराने डिस्पोजलला काढलेल्या मालातला एक हेडफोन आणला. तपकिरी चामड्याच्या गाद्या, पोलादी कमान, वायरवर कापडाचं वेष्टन. हातात घेतला आणि माझ्या पोटात दुखलं. असली वस्तू माझ्या नशिबी नाही, आणि या तारबाबूला ती चिवड्यासारखी बाजारात मिळाली.

पण गंमत अशी की तो माझ्या अॅम्प्लिफायरला जोडला तर आवाज दबका निघाला. जोडी जमेना. अॅम्प्लिफायर कितीही चांगला असो आणि हेडफोन कितीही भारी, मधला ट्रान्सफॉर्मर दोघांच्या मापाचा नसला की त्यांचा संसार होत नाही. तसा तयार मिळेना. मग मी तो घरीच गुंडाळायचं ठरवलं. तीन हजार फेरे, केसाएवढी तांब्याची तार.

गुंडाळायला इंदिराचा चरखा घेतला. इंदिरा माझी बायको, अल्लीपूरची. आमच्या वर्ध्यात घरोघर सूत निघतं, तशी तीही रोज दुपारी कातायची. मी तार भरायचं रीळ सूत गुंडाळायच्या चातीवर बसवलं नाही. चाकाच्या एका फेऱ्यात चाती कितीदा फिरते याचा भरवसा नसतो. ते मोठ्या चाकाच्या आसावर बसवलं, म्हणजे एक फेरा तो एकच फेरा. ती चाक फिरवणार आणि मोजणार, मी चिमटीतून तार सोडणार. सगळं शास्त्रशुद्ध.

तिला कातताना गुणगुणायची सवय होती. तिने मोजणीच गाण्यात बसवली. अल्लीपूरच्या वाटेनं बाभूळ पिवळी फुलली, असं काहीतरी तिचं स्वतःचंच, आणि मध्ये फेऱ्यांचे आकडे. हजारापर्यंत मी ऐकून घेतलं. मग माझी तार एका जागी चढली आणि मी खेकसलो, "तोंड बंद ठेव जरा! नुसतं मनात मोज."

ती थांबली. किती झाले म्हणून विचारलं तर पाटीवर लिहून दाखवलं, १११३. पुढचे सगळे फेरे तिने ओठ न हलवता पुरे केले. त्या दिवसापासून घरातली गुणगुण बंद झाली. मला आधी बरंच वाटलं, हेही सांगून टाकतो.

ट्रान्सफॉर्मर बसवला आणि काय सांगू! रविवारी दुपारी नागपूर रेडिओवर कोणीतरी सारंग वाजवत होतं. सतारीच्या तारेवर नखी घसरते ती ऐकू आली. तबलजीने सम गाठायच्या आधी श्वास ओढला तो ऐकू आला. हेडफोन एक आणि ऐकणारे दोघे, म्हणून आम्ही कमान उघडून एकेक वाटी घेतली आणि एका गमेल्यात तोंड घातलेल्या गोऱ्ह्यांसारखे डोक्याला डोकं लावून बसलो. अच्युतच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्याही आलं. तो दिवस माझ्या आयुष्यातला चांगला दिवस होता.

अडीच वाजता रेडिओची दुपारची सभा संपली. मी रेडिओ बंद केला. अॅम्प्लिफायर चालूच होता. वाटी खाली ठेवणार तोच अच्युतने माझा हात धरला.

"थांब न. गाऊन राह्यली."

"कोण?"

"बाई आहे कोणी. हळू गाते. तुले नाई येत?"

माझ्या वाटीत नुसती कुरकुर होती. कुर्र, टक. कुर्र, टक. मी म्हटलं, कुठलं तरी दुसरं स्टेशन घुसलं असेल. रेडिओची वायर अॅम्प्लिफायरमधून काढून टाकली. "आहे अजून," अच्युत म्हणाला. अॅम्प्लिफायरचं तोंड मी तारेने जमिनीला जोडलं, म्हणजे बाहेरून काही आत येण्याची सोयच उरली नाही. अच्युतने डोळे मिटलेले, मान हळूहळू हलतेय. माझ्या वाटीत कुर्र, टक.

"वाटी बदल," मी म्हटलं.

बदलली. त्याची माझ्याकडे आली, माझी त्याच्याकडे गेली. गाणं त्याच्यामागे गेलं आणि कुरकुर माझ्यामागे आली.

मग दोन्ही वाट्या मी एकट्याने लावल्या. दोन्हीकडे कुरकुर.

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. अॅम्प्लिफायर माझा, ट्रान्सफॉर्मर माझा, डोळे फोडून जोडणी केली ती मी, आणि हा आयत्या बिळावर नागोबा डोलत बसला होता. भीती वगैरे वाटलीच नाही. एवढंच वाटलं, याला काऊन, मला काऊन नाही?

पुढचे तीन रविवार तसेच गेले. अच्युत आता बाराच्या ठोक्याला हजर व्हायचा. रेडिओवर काय चाललंय याकडे त्याचं लक्ष नसायचं. सभा संपायची वाट पाहायचा. जाताना हेडफोन कापडी पिशवीत घालून न्यायचा, मागितला तरी ठेवायचा नाही. चौथ्या रविवारी मी त्याला म्हटलं, "निदान सांग तरी, काय गाते?"

"बाभळीचं गाणं आहे काहीतरी. गळा असा गोड का इचारू नको. पण येडी आहे बाप्पा. गाता गाता मधेच मोजते."

"काय मोजते?"

"आकडे. अकराशे बारा, अकराशे तेरा. अन् तेरावर टपकन थांबते. मंग पुन्हा पहिल्यापासून."

मी उठलो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. इंदिरा सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तोंड मिटलेलं. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "चहा ठेवू?"

मागे अच्युत मान डोलवत होता. "आता काय सुरात आहे! मास्तर, ये ना लवकर."

मी चहा नको म्हणालो. माझ्या वाटीतली कुरकुर कशाची होती तेही आता कळलं. तो चरखा होता.

अच्युतला मी काही सांगितलं नाही. का सांगू? माझी बायको याच्या कानात गाते हे मी माझ्या तोंडाने सांगू? त्याने तिचं गाणं कधी ऐकलेलं नव्हतं, म्हणून ओळखलं नाही. पण ऐकत तर होता. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्या सात वर्षांत तिचं एकही गाणं मी पुरतं, बसून, डोळे मिटून ऐकलेलं नव्हतं. हा परका माणूस दर रविवारी ऐकत होता. तो गेल्यावर मी इंदिरासमोर बसलो.

"गा," म्हटलं.

"काय?"

"ते बाभळीचं."

तिने हातातले तांदूळ सुपात सोडले. "मले नाई येत आता."

"काऊन नाई येत? तेव्हा तर येत होतं!"

"तुम्हीच म्हणलं होतं, तोंड बंद ठेव. ठेवलं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "आता उघडून पाह्यते तर आत काही नाई. मी काय खोटं सांगू तुम्हाले?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी रात्रभर तळमळलो. तिचं गाणं मला पाहिजे होतं. मला नाही तर निदान त्याला तरी मिळू नये, असंही वाटत होतं, आणि दोन्हीत कुठलं जास्त वाटत होतं ते मी आज सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. दुपारी शाळेतून अर्धी रजा घेऊन घरी आलो. अॅम्प्लिफायर उघडला, ट्रान्सफॉर्मर काढला, त्याच्या पत्र्या सोडवल्या आणि तारेचं रीळ चरख्याच्या आसावर बसवलं. इंदिराला म्हटलं, गुंडाळणी चुकली आहे, उलटी सोडवायची आहे. ती मुकाट्याने बसली. चाक उलटं फिरायला लागलं. तार माझ्या चिमटीतून परत येऊ लागली आणि मी मोजू लागलो.

अडीच हजार. दोन हजार. बाहेर शेजारच्या शकुंतलाबाई अंगणात मिरच्या कुटत होत्या. दीड हजार. उन्हाची तिरीप इंदिराच्या हातावर आली. बाराशे.

अकराशे चौदा.

अकराशे तेरा.

इंदिराचे ओठ उघडले.

मी तार तशीच धरून राहिलो. तिचे ओठ हलत होते, गळ्याची घाटी हलत होती. डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. चाक फिरत होतं. कुर्र, टक.

बाहेरचं कुटणं थांबलं. भिंतीवरून शकुंतलाबाईंचं डोकं वर आलं.

"अवो माय! इंदिराबाई, तुम्ही गाऊन राह्यल्या? काय गळा आहे वो! मले वाटलं रेडिओच लावला मास्तरानं!"

मी म्हटलं, "इंदिरा, मोठ्यानं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. भिंतीपलीकडे शकुंतलाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

मला चरखा ऐकू येत होता. कावळा ऐकू येत होता. तार चिमटीतून सरकताना होणारी बारीक खसखससुद्धा ऐकू येत होती.

तार संपली. ती पाण्याला उठली, आणि तांब्या भरताना वळून मला काहीतरी म्हणाली. गात नव्हती, साधं बोलत होती.

तेही ऐकू आलं नाही.

त्यानंतर मी नागपुरात कानाच्या डॉक्टरांना दाखवून आलो. त्यांनी घड्याळ कानाशी धरलं, मग खोलीच्या टोकाशी धरलं. मला दोन्हीकडून टिकटिक ऐकू आली. कान उत्तम आहेत म्हणाले.

इंदिराला मी सांगितलं नाही. काय सांगणार? ती बोलायची तेव्हा तोंडाकडे पाहायचो आणि 'हो' म्हणायचो. बहुतेक वेळा हो चालून जातं. संसारात हो म्हणणाऱ्याचं सहसा काही अडत नाही.

अच्युत पुढच्या रविवारी आला. अॅम्प्लिफायर उघडा पडलेला पाहून त्याचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं. इंदिरा आत काम करत होती. चहाची बशी त्याच्या ओठापाशी गेली आणि तिथेच थांबली.

"नरहर," तो पुटपुटला, "हेच. हेच ते बाई."

मी आत कान लावला. स्टोव्ह भुरभुरत होता.

"वहिनी?" अच्युतने माझ्याकडे पाहिलं. "तुले ठाऊक होतं?"

मी त्याला पुन्हा येऊ नकोस म्हणालो. बऱ्याच वाईट शब्दांत म्हणालो. तो पिशवी उचलून गेला, आणि दारातून जाताना आतल्या आवाजासाठी क्षणभर थांबला, ते मी पाहिलं. त्या क्षणी त्याचा गळा दाबावासा वाटला मला.

महिना झाला. इंदिराचे ओठ आधी पुष्कळ हलायचे. मग कमी कमी हलू लागले. माझ्यासमोर यायची, काही विचारायची, मी हो म्हणायचो, ती माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहायची. शेजारच्या बायका दुपारी तिच्याभोवती जमू लागल्या. त्या माना डोलवायच्या, मी ओसरीवर वह्या तपासत बसायचो आणि त्यांच्या बांगड्या ऐकायचो.

काल सकाळी ती ट्रंक घेऊन दारात आली. बाहेर अल्लीपूरहून तिच्या भावाची बैलगाडी आलेली, बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. संक्रांत जवळ आली आहे, माहेरी चालली असेल असं मी समजलो. शकुंतलाबाई तिला निरोप द्यायला भिंतीशी उभ्या होत्या. इंदिराने ट्रंक खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहून काहीतरी बोलली. छोटंसंच होतं. शेवटी भुवया वर गेल्या, म्हणजे प्रश्न होता.

"हो," मी म्हणालो. हसूनच म्हणालो.

तिचा चेहरा पांढरा पडला.

"मास्तर!" शकुंतलाबाई भिंतीवरून ओरडल्या. "असं काऊन म्हणता वो? 'मी कायमची गेली तर चालन का तुम्हाले,' असं विचारून राह्यली ते, अन् तुम्ही हो म्हणता?"

मी वळून इंदिराकडे पाहिलं. ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि काहीतरी बोलत होती.