तुळशीला लागलेल्या मिरच्या

"जबाबदारी पेलणाऱ्या माणसाचं नाव इतिहास कधी विसरत नाही," नामदेवराव गंभीरपणे म्हणाले आणि ड्यूटीवर निघाले. निघताना त्यांच्या एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात शेजारच्या तात्यांची चप्पल होती. इतिहासाचं लक्ष नव्हतं. त्यांच्या मुलीचं, नर्मदाचं होतं. पण वडील भाषणात असताना मध्ये बोलायचं नाही, असा घरचा नियम होता.

जबाबदारी पडली होती नर्मदाच्या थोरल्या भावावर. आनंदा नुकताच आठवीत गेला होता, म्हणजे शाळेने त्याला पुढे ढकललं होतं. मे महिना चालू होता. बोईसरचं ऊन असं, की दुपारी कावळेसुद्धा नळाच्या मोरीत पाय बुडवून उभे राहत. चाळीवर सिमेंटचे पत्रे आणि पत्र्याखाली माणसं. ज्यांना जमलं ती अर्धी चाळ गावाला पळाली होती.

एका ओळीतल्या सगळ्या खोल्या सारख्या होत्या. दरवाजे हिरवे. दारापुढे गेरूने रंगवलेला तेलाचा डबा आणि डब्यात बहुतेक तुळस. खोलीची किल्ली दाराच्या चौकटीवर. ती तिथे असते हे साऱ्या चाळीला ठाऊक होतं, म्हणून ती सुरक्षित होती.

तात्यांच्या पलीकडच्या खोलीतल्या रत्नाबाई आणि त्यांचे यजमान अण्णा पुतण्याच्या लग्नाला साताऱ्याला गेले होते. जाताना रत्नाबाई म्हणाल्या होत्या, "आनंदा, घराकडे बघ हं. आणि माझ्या तुळशीला पाणी घाल." हे ऐकून गावाला निघालेल्या इतरांनीही आपापल्या तुळशी त्याच्या गळ्यात बांधल्या.

आनंदा हे सगळं फुकट करणार नव्हता. त्याचा वर्गमित्र जिवल्या सुट्टीत मासवणला, मामाकडे जाणार होता. तिथे सूर्या नदी होती, नदीत डोह होता आणि डोहात गळ्यापर्यंत पाणी होतं. आनंदा रात्री झोपेतही पोहण्याचे हात मारत असे, त्यामुळे शेजारी झोपणाऱ्या नर्मदाला मार बसत असे.

"रत्नाबाईंनी परत येऊन 'घर जसंच्या तसं आहे' असं म्हटलं, की तू मासवणला सुटलास," नामदेवरावांनी अट घातली होती. "नाही म्हटलं, तर सुट्टीभर या पत्र्याखाली."

आनंदाने पहिल्याच दिवशी एक युक्ती काढली. दारोदार बादली नाचवण्यापेक्षा त्याने ओळीतले सगळे डबे उचलून नळाशी नेले, एकदम भिजवले आणि अंदाजाने परत ज्याच्या त्याच्या दारात ठेवले.

"ही युक्ती मोठ्या माणसांना का सुचत नाही?" त्याने नर्मदाला विचारलं. का सुचत नाही, ते पुढे कळेलच. भिजलेले डबे भलतेच जड झाल्यामुळे दुसऱ्या दिवसापासून तो मुकाट्याने बादली घेऊन फिरू लागला.

काही दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी रत्नाबाईंच्या दाराखालून पाण्याचा ओघळ बाहेर आला. दाराला कुलूप होतं.

"आनंदा, बंद घरातून पाणी येतंय," नर्मदा म्हणाली.

"उन्हाने वितळलं असेल."

"काय वितळलं असेल?"

एवढा विचार आनंदाने केला नव्हता. तेवढ्यात जिवल्या आला. त्याने दाराच्या फटीला नाक लावलं.

"लसणीची फोडणी हाय. आत कोण तरी येऊन गेलाय. चोर आसंल."

"चोर फोडणी कशाला देईल?"

"त्याला काय भूक लागत नाय?"

आनंदाने चौकटीवरची किल्ली काढली. कुलूप उघडून तिघं आत शिरली आणि दारातच थबकली. काहीही चोरीला गेलं नव्हतं. फरशी पुसलेली होती. पितळी डबे असे घासले होते, की त्यात आनंदाला स्वतःचा घाबरलेला चेहरा दिसला. माठ काठोकाठ भरलेला. नेहमी डुगडुगणारी खाट आता हलतही नव्हती. तिच्या एका पायाखाली लाकडाची चकती नीट बसवलेली होती.

"चोर आला आणि साफसफाई करून गेला?" आनंदाने विचारलं.

"वर बघ," नर्मदा हळूच म्हणाली.

भिंतीवर अण्णांचा फोटो होता. फोटोला जास्वंदीचा ताजा हार होता आणि खाली उदबत्तीची राख पडली होती.

"अण्णा गेले," नर्मदा म्हणाली.

"गेलेच आहेत. साताऱ्याला."

"तसं नाही रे. हार बघ ना."

अण्णा त्यांना बर्फाचा गोळा द्यायचे आणि स्वतःचा गोळा मिशीला लावून घ्यायचे. नर्मदाने डोळे पुसले. जिवल्याने उगाच नमस्कार केला.

"साताऱ्याची बातमी घेऊन कोण तरी आला आसंल," तो म्हणाला.

"मग बातमी आणणाऱ्याने भांडी का घासली?"

तिघं बाहेर आली. आनंदाने कुलूप लावून किल्ली परत चौकटीवर ठेवली. जिवल्या दारातल्या डब्यापाशी वाकला.

"आनंदा, ही तुळस नाय. मिरची हाय."

"रत्नाबाई तुळशीशिवाय काही लावत नाहीत."

"मिरच्या लागल्यात, ह्या बघ." जिवल्याने एक तोडून खाल्ली आणि तो नळाकडे पळाला. म्हणजे मिरची खरी होती.

पाणी वितळत होतं, चोर भांडी घासत होते, अण्णा गेले होते आणि तुळशीला मिरच्या लागल्या होत्या. यातून अर्थ निघत असेल, तर तो निदान सातवीच्या पुस्तकात नव्हता.

मोठ्या माणसांना विचारून पाहायचं ठरलं. पण घरात शिरल्याचं सांगायचं नव्हतं. त्यामुळे विचारणं जरा अवघड झालं.

"आई, तुळशीला कधी मिरच्या लागतात का गं?"

आईने त्याच्या कपाळाला हात लावला आणि ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा कोंबला. "हा काढलास तर बघ."

"बाबा, बंद घरात शिरून भांडी घासणारा चोर असतो का?"

"सापडला तर पत्ता घेऊन ठेव," नामदेवराव वर्तमानपत्रातून म्हणाले. "आपल्याकडेही बरीच पडलीत."

शेवटी कांद्यासकट आनंदा तात्यांकडे गेला. तात्या एकटे राहत. चाळीतल्या एकट्या माणसांची पद्धत होती, की एका खोलीत दोघांनी राहायचं. एक दिवसपाळीला गेला की दुसऱ्याने रात्रपाळी करून येऊन झोपायचं. तात्यांनी नुकताच असा पार्टनर ठेवला होता. गडबडीत कारखान्याच्या गेटवर त्याला खोली समजावून सांगितली होती.

"तात्या, तुम्हाला इथे काही विचित्र दिसलं का?"

"छे. उलट मी फार सुखात आहे. काय पार्टनर मिळालाय! आल्याचा पत्ता नाही, गेल्याचा पत्ता नाही. पाण्याचा थेंब सांडत नाही. अंथरुणाची घडीसुद्धा मी ठेवतो तशीच सापडते. असा माणूस मिळायला नशीब लागतं."

आनंदा आणखीच गोंधळून घरी आला.

"आता एकच उपाय," तो म्हणाला. "भर दुपारी पहारा करायचा. त्या वेळी चाळीत कोणी जागं नसतं. चोरालाही हे माहीत असणार."

दुसऱ्या दिवशी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी होती. जेवणं झाली, रेडिओवर कोणीतरी गायला लागलं आणि चाळ झोपली. आई-बाबांच्या घोरण्यात ताल आल्यावर आनंदा आणि नर्मदा बाहेर सटकली. अंगण तव्यासारखं तापलं होतं. जिवल्या अनवाणी होता. तो एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उड्या मारत आला.

रत्नाबाईंच्या दाराला कुलूप नव्हतं. दार आतून लोटलेलं होतं आणि आत कोणीतरी घोरत होतं.

"चोर झोपलाय," नर्मदा कुजबुजली.

"एवढं काम केल्यावर झोप येनारच," जिवल्या म्हणाला.

आनंदा पुढे झाला आणि त्याने बाहेरून कडी घातली. कडी करकरली. आतलं घोरणं थांबलं.

नेमकी त्याच वेळी एक रिक्षा चाळीसमोर थांबली. तिच्यातून रत्नाबाई उतरल्या. मागोमाग डोक्यावर ट्रंक घेऊन अण्णा उतरले.

नर्मदा किंचाळली आणि जिवल्याच्या मागे लपली. जिवल्या आनंदाच्या मागे लपला. आनंदाच्या मागे दार होतं आणि दाराच्या मागे चोर.

"काय रे, भूत पाहिल्यासारखं काय बघताय?" अण्णा म्हणाले.

जिवल्याने हात लांब करून त्यांच्या दंडाला बोट लावलं. "गरम हाय," तो म्हणाला.

"या उन्हात भूतसुद्धा गरमच असणार," आनंदा पुटपुटला.

"कौन है बाहर?" आतून आवाज आला. "अरे भाई, दरवाजा खोलो."

"माझ्या घरात कोण बोलतंय?" रत्नाबाईंनी असा आवाज लावला, की सगळी चाळ उठली. नामदेवराव छत्री उगारून आले. तात्या डोळे चोळत आले. छत्री पुढे धरून नामदेवरावांनी कडी काढली.

आत बनियन घातलेला, डोक्यावरचे केस उभे राहिलेला एक तरुण होता. एवढी गर्दी पाहून त्यानेच घाबरून हात जोडले.

"अरे, हा तर रामकिसन," तात्या म्हणाले. "माझा पार्टनर. तू इथे काय करतोस?"

"सो रहा था. आप ही का तो कमरा है, तात्या."

"हे माझं घर आहे," रत्नाबाई कडाडल्या.

रामकिसनने त्यांच्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे पाहिलं आणि तो घाईघाईने वाकला. "नमस्ते, भाभीजी. तात्या ने बताया नहीं, कि शादी हो गयी है."

तात्या खोकू लागले. अण्णांनी ट्रंक खाली ठेवली. ती ठेवताना त्यांची नजर भिंतीवर गेली.

"हा हार कोणी घातला?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"मैंने," रामकिसन म्हणाला. "रोज बदलता हूँ. तात्या के स्वर्गवासी पिताजी हैं ना."

अण्णा तात्यांपेक्षा दोन वर्षांनी लहान होते. तात्यांना मात्र जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

"पण तू या घरात शिरलासच कसा?" नामदेवरावांनी छत्री मिटली.

"तात्या ने कहा था, सब दरवाजे एक जैसे हैं. जिसके सामने मिर्ची का पेड़, वही अपना कमरा. चाबी चौखट पर. और बोले थे, अपना ही घर समझना. तो मैंने थोड़ी सफाई कर दी."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मिरची रत्नाबाईंच्या दारात होती. तात्यांच्या दारात रत्नाबाईंची तुळस.

"चाळीत मिरची फक्त माझी," तात्या म्हणाले. "पण ती तिकडे कशी गेली?"

"तुम्ही रोज दारातून जाता-येता. दिसलं नाही?" रत्नाबाईंनी विचारलं.

"काहीतरी हिरवं आहे, एवढं दिसत होतं."

"झाडं काय चालत गेली?" जिवल्या म्हणाला आणि मग त्याचंच तोंड उघडं राहिलं. त्याने आनंदाकडे पाहिलं. नर्मदानेही पाहिलं.

आनंदाला पत्र्याखालच्या उकाड्यात थंडी वाजली. ते डबे, तो नळ, तो अंदाज. इतके दिवस तो ज्याला शोधत होता, तो तोच होता. आणि हे या तिघांशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. गप्प राहिलं, की संपलं. सूर्या नदीचा डोह डोळ्यांपुढे निळा दिसत होता. त्याने खिशातला कांदा घट्ट धरला.

"डबे मी हलवले," तो म्हणाला. "पाणी घालायला सोपं पडावं म्हणून. परत ठेवताना अदलाबदल झाली."

डोह आटला.

नामदेवरावांचा चेहरा लाल झाला. "जिथली वस्तू तिथे ठेवायला काय होतं? डोळे कशाला दिलेत? आपलं काय, दुसऱ्याचं काय, एवढं ज्याला कळत नाही, त्याच्यावर मी जबाबदारी—"

"बाबा," नर्मदा म्हणाली. आज तिने नियम मोडला. "तुमच्या पायात तात्यांची चप्पल आहे."

नामदेवरावांनी खाली पाहिलं. तात्यांनीही खाली पाहिलं. त्यांच्या पायात नामदेवरावांची होती. कितीतरी दिवस दोघंही तशीच घालून कारखान्यात जाऊन येत होते. दोघांनी एकेक पाय पुढे केला आणि अदलाबदल उरकली. राहिलेलं भाषण तिथेच राहिलं.

एवढ्यात घर फिरून आलेल्या रत्नाबाई दारात उभ्या राहिल्या.

"नामदेवराव, घर काही जसंच्या तसं राहिलेलं नाही."

आनंदाने मान खाली घातली.

"मी गेले तेव्हा कोपऱ्यात जाळी होती, ती नाहीत. डबे काळे होते, ते सोन्यासारखे झालेत. आणि ती खाट माझ्या लग्नापासून डुगडुगते. ह्यांना सांगून सांगून माझे केस पांढरे झाले." त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा आपल्या फोटोकडे पाहू लागले. "असं घर राखलेलं मी पाहिलं नाही. भर उन्हात पोरं पहाऱ्याला उभी राहिली आणि चुकलं ते तोंडाने सांगितलं. त्याला मासवणला धाडा. आणि रामकिसन, तू आज इथेच जेवायचं."

"मुलं धीट आहेत," तात्या म्हणाले.

"माझा हार जिवंतपणी मला दाखवला," अण्णा म्हणाले. "असा मान कोणाला मिळतो?"

चाळीत वाहवा सुरू झाली. जिवल्याने आनंदाच्या पाठीत गुद्दा घातला. "आंघोळीचा टॉवेल आनू नको. तिथं कोण टॉवेल वापरत नाय."

नामदेवरावांनी घसा खाकरला. "आज ही चाळ एक गोष्ट शिकली," ते म्हणाले. "जबाबदारी म्हणजे..."

गर्दीच्या मागे रामकिसन अंथरुणाची वळकटी काखेत मारून उभा होता. त्याने हळूच नामदेवरावांच्या बाहीला हात लावला.

"वो सब ठीक है, साहब," तो जांभई आवरत म्हणाला. "बस, मेरा कमरा कौन सा है, इतना बता दीजिए. नींद आ रही है."