पाच मिनिटांत पहिल्यासारखं

तिनं एंटर दाबलं आणि समोरचा पडदा गोठलाच. रुग्णालयाच्या सर्व्हरचा नेटवर्क पत्ता बदलायचा होता. नेटवर्क कार्ड बंद, नवा पत्ता, कार्ड चालू... इतकं साधं काम. पण आपण दुरून या सर्व्हरशी त्याच कार्डातून बोलतोय, हे बाईसाहेब साफ विसरल्या! घराबाहेर उभं राहून दार ओढून घ्यावं आणि किल्ली आत राहावी, तसं झालं.

सर्व्हर सांभाळायची नोकरी नवी, आणि तपासण्यांचे अहवाल खोळंबलेले. आवार ओलांडून ती तळघरातल्या मशीनरूमकडे धावत सुटली आणि दारातच केबलचं वेटोळं घेतलेल्या एका उंच माणसावर आदळली.

"कार्ड बंद केलंत ना? दुरूनच?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"इतकं धावत इथं दुसऱ्या कशासाठी कुणी येत नाही. मीही एकदा असाच आलो होतो... चपला विसरून."

तो नेटवर्क सांभाळायचा. सगळे त्याला तारवाला म्हणत. त्यानं सर्व्हरचा कीबोर्ड पुढे सरकवला, तिनं कार्ड चालू केलं आणि मग कुठे तिला तिथला गारठा जाणवला. त्यानं खिळ्यावरचा स्वेटर काढून दिला.

"पुढच्या वेळी मशीनला आधी बजावून ठेवा," तो म्हणाला. "पाच मिनिटांत माझा निरोप आला नाही, तर सगळं पहिल्यासारखं कर, म्हणावं. बदल जमला, तर ती सूचना रद्द करायची. नाही जमला, तर कुणाला कळतसुद्धा नाही."

स्वेटर तिनं परत केला नाही. विसरली म्हणे!

मग रोजची भांडणं सुरू झाली.

"सर्व्हर ठणठणीत आहे, तुमची तार बघा."

"तार शाबूत आहे, तुमचा सर्व्हरच रुसलाय."

शेवटी दोघं तळघरात शेजारी बसून एकेका मशीनला पिंग करत, म्हणजे हाक मारायची आणि ओ येते का बघायचं. एकदा रक्तपेढीचं मशीन सारखं गायब व्हायला लागलं. दिवसभर डोकं खाजवल्यावर कळलं, कुणीतरी नव्या प्रिंटरला त्याचाच पत्ता देऊन ठेवला होता! दोघं पोट धरून हसले. घरी ती हे रंगवून सांगत होती, तेव्हा थोरली बहीण म्हणाली, "प्रिंटरच्या गोष्टीत एवढं लाजण्यासारखं काय आहे गं?"

"काहीतरीच हं, ताई!"

एका सोमवारी तो केबल गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "मला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलंय. नोकरी चांगली आहे. संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"मग... कळवा की."

"हं. थांबायला काही कारणही नाही म्हणा," तो केबलकडे बघत म्हणाला.

ती बाहेर आली. जिन्यातल्या उकाड्यानं तिचा गार पडलेला चष्मा नेहमीसारखा धुरकटला. बोलावं, तर तो अवघडून जाईल, आणि मग हे भांडणं, हे शेजारी बसणं सगळंच संपेल. न बोलावं, तर तो जाणारच. तिनं चष्मा पुसला आणि ती मागे वळली.

"मला एक बदल करायचाय. जोखमीचा आहे," ती दारातूनच म्हणाली. "म्हणून आधीच बजावते — पाच मिनिटांत तुम्ही काही बोलला नाहीत, तर मी काही म्हटलंच नव्हतं. सगळं पहिल्यासारखं. भांडणंसुद्धा."

"बरं... करा."

"जाऊ नका. मला तुम्ही आवडता. आणि स्वेटर मी विसरले नव्हते."

मशीनचे पंखे घरघरत राहिले. त्यानं गुंडाळलेली केबल उलगडली, पुन्हा गुंडाळली. घड्याळाकडे बघायचा तिला धीर होईना.

"ठीक आहे," अखेर तीच म्हणाली. "मी ते रक्तपेढीचं मशीन बघून—"

"थांब ना! अजून पाच मिनिटं झाली नाहीत." त्यानं केबल खाली ठेवली. "ती सूचना रद्द कर आधी."

"कोणती?"

"पहिल्यासारखं करायची. तिकडं येत नाही म्हणून कळवतो मी. मला आता काहीच पहिल्यासारखं नकोय."

तिचा चष्मा धुरकटला. या वेळी तर ती त्या गार खोलीतच उभी होती.