चौथ्या वाघिणीचा दांडा

"मला वेड लागलंय की वाघीण खोटी आहे, एवढंच शोधून द्या," म्हातारा म्हणाला. "वेड लागलं असेल तर तसं स्पष्ट सांगा. रविवारी वृद्धनिवासाची गाडी येणार आहे. मी मुकाट्यानं बसेन तिच्यात."

तीन जिने चढून आल्याने त्याचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. बावीस वर्षे त्या खासगी तपासाचा व्यवसाय करीत होत्या, आणि अलीकडे प्रत्येक नवे प्रकरण त्यांना आधी ऐकल्यासारखेच वाटे. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर त्यांची टिपणे घेत. त्यांनी वही उघडली, आणि लेखणी कुठे ठेवली ते त्यांना आठवेना. ती त्यांच्या कानावरच होती.

"वाघीण म्हणजे?" मास्तरांनी ती हळूच काढून घेत विचारले.

"मालगाडीचा डबा हो. दगडखाणीतला, अरुंद रुळांवरचा." म्हाताऱ्याने बोटांनी वीतभर अंतर दाखवले आणि ते पुन्हा निम्म्यावर आणले. "एवढुसा. चाळीस वर्षं खऱ्या वाघिणी दुरुस्त केल्या, म्हणून सगळे मला मिस्त्रीच म्हणतात. आता अंगात बळ नाही. सुट्या भागांची किटं आणतो आणि आमच्या खाणीतल्या एकेका वाघिणीसारखी एकेक घडवतो. सहा झाल्या. त्यातली चौथी कोणीतरी बदललीय."

"डोळ्यांनी पाहिलंत?" बाईंनी विचारले.

"डोळ्यांवर पडदा आलाय. बोटांना कळलं. आमच्याकडे ब्रेकचा दांडा वाघिणीच्या मागच्या अंगाला, क्रमांकाच्या उलट बाजूला, आणि त्याचं टोक इंजिनाकडं. किटात दोन्ही बाजूंना भोकं असतात, कसाही बसवा. मी सहाही इंजिनाकडं वळवले. मध्ये छातीच्या दुखण्यानं बारा दिवस दवाखान्यात होतो. घरी आलो, बोट फिरवलं, तर चौथीचा दांडा उलटा! मुलगा म्हणतो, 'बाबा, तुम्हीच उलटा चिकटवलात आणि विसरलात.' डॉक्टरांनाही त्यानं तेच सांगितलं. तीन आठवडे झाले, मी काय काय विसरतो त्याची यादी चाललीय घरात."

"विसरता का?"

"विसरतो की. ऐंशी वर्षांचा आहे. पण चौथीवर माझा थोरला भाऊ ब्रेकवाला होता. जन्मभर तो दांडा त्याच्या हातात. तोच मी उलटा बसवीन?"

मास्तरांची लेखणी थांबली. त्यांच्या मनात आले, असेच होत असावे. आधी लेखणी, मग दांडा, मग आपल्याच माणसांनी केलेली यादी.

"चला," बाई उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या. "पाहिल्याशिवाय काय बोलणार?"

मिस्त्रींची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. खिडकीशी जुने मेज, त्यावर चिमटे, बारीक कानसी, रंगाच्या बुटक्या बाटल्या आणि लोखंडी किसाला पाणी मारून मुद्दाम चढवलेल्या गंजाची एक वाटी. भिंतीला काचेचे कपाट, समोरची काच सरकती. आत एकाच रुळावर सहा वाघिणी पुढे क्रमांक करून उभ्या होत्या, आणि रांगेच्या उजव्या टोकाला इंजिन. दुसरीचा कोपरा चेपलेला, तिसरीला पत्र्याचे ठिगळ, पाचवीच्या कडेवर फावड्याचे ओरखडे. साऱ्या दगडाच्या कपच्यांनी भरलेल्या. कपाटाच्या पाठीला आतून सबंध आरसा होता.

"मागची बाजूही दिसावी म्हणून लावला," मिस्त्री म्हणाले. "लोक क्रमांकच बघतात. खरं काम मागं असतं."

"दगड कशानं बसवलेत?"

"डिंकानं."

"खाली काय आहे ते उचकटून पाहिलं नाहीत?"

मिस्त्रींनी काचेवरून बोट फिरवले. "ती माझीच निघाली तर?" ते म्हणाले. "भावाची वाघीण मी माझ्याच हातानं फोडली असं होईल. आणि वरून वेडाही ठरेन."

सून परिचारिका होती. पाळी संपवून नुकतीच आलेली, पायांतले बूटही काढले नव्हते.

"शनिवारी मीच पुसते वाघिणींना," ती म्हणाली. "एकेक हातात घेऊन, मऊ ब्रशनं, चहूबाजूंनी. पण बाबा दवाखान्यात होते तेव्हा मी रात्रंदिवस त्यांच्याजवळ होते, आणि त्यानंतर शनिवारी माझी पाळीच लागते. कपाटाला हात लावलेला नाही."

"दांडे सगळे एकाच बाजूला होते?"

"असतील हो. पुसताना कोण मोजतं? बाई, हे म्हणतात बाबा चुकले, बाबा म्हणतात वाघीण चुकली, आणि दोघं मलाच साक्षीला उभं करतात. मला कोणीतरी चार तास झोपू द्या, मग मी कुणाच्याही बाजूनं बोलते."

एवढ्यात मिस्त्रींचे स्नेही घड्याळजी आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. दुपारी ते येत आणि दोघे मित्र या मेजावर एकमेकांच्या चुका काढीत.

"याचं डोकं शाबूत आहे," ते म्हणाले. "जीभ तर जरुरीपेक्षा जास्तच शाबूत आहे."

"तुझे हात थरथरतात ते बघ आधी," मिस्त्री म्हणाले.

"अशी वाघीण तुम्हाला करता येईल?" बाईंनी घड्याळजींना विचारले.

"माझ्यावर संशय होय? अहो, मी केली असती तर याच्या बापालाही कळलं नसतं! सहाही माझ्या डोळ्यांदेखत झाल्या. हा माणूस आतला तळ घासून चांदीसारखा करायचा. खाणीतली वाघीण बाहेरून गंजते, आतून दगडानं घासून लखलखते, म्हणे. आणि एवढं घासून वर दगड ओतायचा! मी विचारलं, हे बघणार कोण? तर म्हणाला, दगड बघेल."

"बारा दिवसांत तुम्ही इथे आला होतात?"

"कशाला? याच्याशिवाय या घरात मला चहा तरी कोण विचारतं?"

सून ओशाळून हसली आणि चहा ठेवायला गेली.

मुलगा संध्याकाळी कचेरीतून आला. चाळिशी उलटलेला, खांद्यावर पिशवी, चेहऱ्यावर दिवसभराचा शीण. परके लोक पाहून तो दारातच थबकला.

"बाबा, हे काय नवीन?"

"शेवटचंच," मिस्त्री म्हणाले. "रविवारनंतर नाही काही."

मुलाने पिशवी ठेवली. "मॅडम, मी काही राक्षस नाही. आम्ही दोघं नोकरी करतो. दिवसभर हे एकटे. परवा गॅस चालू राहिला. मला यांच्याशी भांडायची हौस नाही."

"वाघिणीबद्दल सांगा."

"पुरावाच दाखवतो." त्याने फोन काढला. "हा फोटो गेल्या वर्षीचा, कपाटासमोर उभं राहून घेतलेला. आरशात चौथीची मागची बाजू स्वच्छ दिसते." त्याने चित्र मोठे केले. "दांड्याचं टोक कुठे आहे? उजवीकडे." मग कपाटातून चौथी वाघीण काढून तिची मागची बाजू त्याने बाईंसमोर धरली. "आणि आता? उजवीकडेच. म्हणजे गेल्या वर्षीही असाच होता. बाबांनीच असा बसवलाय."

मास्तरांनी फोटो पाहिला, वाघीण पाहिली, पुन्हा फोटो पाहिला. शंकेला जागाच नव्हती. त्यांना म्हाताऱ्याकडे पाहवेना. मिस्त्री खुर्चीत जरा खाली सरकले होते.

"हा फोटो आणखी कोणाकडे आहे?" बाईंनी विचारले.

"कोणाकडे असणार? माझ्याच फोनमध्ये आहे."

"तुम्ही वाघिणी कधी हाताळता?"

"एरवी कधीच नाही. माझी बोटं जाड, बाबा ओरडतात."

बाई मेजाच्या कडेवर टेकल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. दमल्या म्हणून की विचार करायला, हे मास्तरांना इतक्या वर्षांनंतरही ओळखता येत नसे.

"सूनबाई, हातातलं काम राहू द्या, इकडे या," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही, ही वाघीण जागेवर ठेवा. पूर्वीसारखी, क्रमांक पुढे. आता जिथून तो फोटो काढला होता तिथेच उभे राहून दुसरा काढा."

मुलाने खांदे उडवले आणि फोटो काढला. चौथीचे आरशातले प्रतिबिंब त्याने मोठे केले. मग त्याचा अंगठा फोनच्या काचेवर तसाच राहिला.

"मास्तर, वाचा."

"डावीकडे," मास्तर म्हणाले. "आज टोक डावीकडे दिसतंय. पण हातात धरली तेव्हा तर उजवीकडे होतं!"

"यांनी जुन्या फोटोतलं प्रतिबिंब हातातल्या वस्तूशी ताडून पाहिलं, आणि आपण सगळे फसलो. इंजिन रांगेच्या उजवीकडे आहे. इंजिनाकडे वळलेला दांडा आरशात उजवीकडेच दिसणार. पण तीच वाघीण काढून तिची पाठ तोंडासमोर धरली, की इंजिनाची बाजू आपल्या डाव्या हाताला येते, आणि दांडाही डावीकडे दिसतो. पाचवी धरून बघा हवं तर. गेल्या वर्षी चौथीचा दांडाही तसाच, बरोबर होता. मिस्त्रींनी चूक केलेली नाही. वाघीण त्यानंतर बदलली."

घड्याळजींनी पाचवी उचलली, पाठ फिरवून धरली आणि मान डोलावली.

"आता बदलली कोणी?" बाईंचा आवाज चढला नाही. "घड्याळजी सहाही होताना पाहत होते. दांडा कुठे वळतो हे ते झोपेतही चुकणार नाहीत. सूनबाई दर शनिवारी वाघिणी हातात घेतात. त्यांना नक्कल करवायची असती, तर शेजारची वाघीण उचलून पाठ बघितली असती. शिवाय त्या बारा दिवसांत दोघंही या खोलीत नव्हते. ज्यानं ही वाघीण केली त्याच्यासमोर खरी वस्तू नव्हतीच. त्याच्याकडे फक्त फोटोतलं प्रतिबिंब होतं. ते आरशातलं आहे हे त्याला कोणी सांगितलं नाही. त्यानं दिसला तसा दांडा बसवला, टोक उजवीकडे. आणि तो फोटो एकाच फोनमध्ये आहे."

"बाबांनीच नंतर काढून उलटा लावला असेल," मुलगा पुटपुटला. पण तो कोणाकडेच पाहत नव्हता.

"तसंही असू शकेल," बाई म्हणाल्या. "मिस्त्री, आता दगड काढावे लागतील. मला खात्री आहे. तरी हात तुमचा."

मिस्त्री उठले. घड्याळजींनी खिशातले बारीक पाते त्यांच्या हाती दिले. आधी त्यांनी तिसरीच्या कडेचा डिंक कापला आणि दगडांचा थर अलगद उचलला. खालून तळ लखलखला. मग त्यांनी चौथी घेतली. पाते कडेला लावून ते क्षणभर थांबले, आणि एका झटक्यात त्यांनी थर उचकटला.

आत तपकिरी गंजाचा रंग होता. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एकसारखा, निर्मळ, कोणीही कधी न घासलेला.

"रंग चांगला दिलाय," मिस्त्री म्हणाले. एवढेच.

मुलगा पलंगावर बसला. "पंखा पुसायला स्टुलावर चढलो होतो," तो म्हणाला. "काच उघडी राहिली होती. उतरताना कपाटाला धक्का लागला, चौथी खाली आली आणि माझाच पाय पडला तिच्यावर. काकांची वाघीण. तुम्ही नळ्या लावून पडला होता, बाबा. तुकडे मी टाकून दिले. दुसऱ्या गावातल्या एका कारागिराला त्या फोटोतलं चौथीचं तेवढंच चित्र कापून पाठवलं. वाटलं, तुम्हाला कळणार नाही."

"मला कळलं," मिस्त्री म्हणाले.

"हो. आणि तेव्हा मी म्हटलं, तुम्ही विसरता. फक्त त्या दिवसापुरतं म्हटलं होतं. पण डॉक्टरांनी मान डोलावली. हिनंही मान डोलावली. मग गॅस राहिला. मग मलाच ते खरं वाटायला लागलं. सोयीचं होतं, बाबा. मी फार दमलो होतो."

सून भिंतीला टेकून उभी होती. "गॅस माझ्या हातून राहिला होता," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "मी सांगितलं होतं तुम्हाला."

मिस्त्रींनी पाते पुसले आणि घड्याळजींना परत दिले. "रोज सकाळी उठलो की कागदावर माझं नाव लिहायचो," ते म्हणाले. "मग तुझ्या आईचं. मग खाणीतल्या सगळ्यांची, पहिल्या पाळीपासून. लिहून झालं की कागद फाडायचो, तुला सापडू नये म्हणून. तीन आठवडे. वाघीण फुटली त्याचं काही नाही रे. दुसरी करीन. पण माझंच डोकं माझ्याशी खोटं बोलतंय, असं तू मला रोज वाटू दिलंस."

"मी सांगणार होतो."

"केव्हा? रविवारनंतर?"

मिस्त्रींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

"डॉक्टर सातपर्यंत बसतात ना?" मिस्त्रींनी सुनेला विचारले. तिने मान डोलावली. "ऊठ. मला सांगितलंस ते सगळं त्यांना सांगायचं, तुझ्या तोंडानं. त्यांनी माझ्या नावापुढं लिहिलेलं खोडायचं. मग वृद्धनिवासात जाईन की नाही ते मी ठरवीन. कदाचित जाईनही. पण वेडा म्हणून नाही."

"उद्या जाऊ, बाबा. तुम्ही दमलात."

"दमलोय तर खरा. पण आज जाऊ. तू काय सांगतोस ते मला ऐकायचंय."

मुलाने बूट चढवले. मिस्त्रींनी खुंटीवरचा सदरा घातला, बटणे स्वतः लावली, एक चुकले ते पुन्हा लावले. जिन्याच्या तोंडाशी मुलाने हात पुढे केला. म्हाताऱ्याने तो पाहिला, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागला. मुलगा मागून निघाला, तितक्याच सावकाश.